दोन लाख क्युसेकची रात्र

पुराच्या दिवसांत कोल्हापुरातल्या बातमीदाराचा फोन रात्रीही शांत नसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर, म्हणजे जिथं तिची पातळी मोजतात तिथं, ५५ फूट ओलांडले, २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत, आणि दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद. तेव्हापासून ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाढ्यासारखं पाठ आहे. साहजिकच अफवेलाही इथं गिऱ्हाईक पटकन मिळतं.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यातली गोष्ट. पाणी ३८ फुटांवर होतं आणि चढत होतं. रात्री दहाच्या सुमाराला एक ऑडिओ क्लिप आली. "पाटबंधारे खात्यातून बोलतोय. राधानगरीचे सगळे दरवाजे रात्री दोनला उघडणार, दोन लाख क्युसेक पाणी सोडणार. चिखली, आंबेवाडीकरांनी आत्ताच बाहेर पडा." राधानगरी म्हणजे पंचगंगेच्या वरच्या अंगाचं धरण; चिखली, आंबेवाडी ही नदीकाठची गावं. आवाज घाबरलेला, खरा वाटावा असा. सोबत धरणातून पाणी कोसळतानाचा व्हिडिओ.

पाचेक मिनिटांत डेस्कवरून फोन. "अहो, सगळीकडं चाललंय. एका पोर्टलनं टाकलंसुद्धा. आपण कधी टाकायचं?"

पोर्टलच्या बातमीत 'सूत्रांच्या माहितीनुसार' असं होतं. हे सूत्र कोण, ते बघायला मी उलटा चालत गेलो. पोर्टलवाला ओळखीचा. तो म्हणाला, करवीरच्या आपल्या वार्ताहरानं पाठवलं. वार्ताहर म्हणाला, गावातल्या ग्रुपवर आलं, शिवाय एका ग्रामपंचायत सदस्यानंही दुजोरा दिला. सदस्याला फोन लावला, तर ते म्हणाले, "आवो, पोर्टलवर बातमी आलीया की! मग खरंच आसंल." झालं. डेस्कच्या हिशेबानं तीन सूत्रं होती; प्रत्यक्षात एकच क्लिप गोल फिरून परत आली होती. किती जण सांगताहेत याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. त्यातल्या कुणी धरणाकडं डोळ्यानं पाहिलंय, एवढंच मी विचारतो.

धरणावरचा फोन लागायची वाट बघता बघता कागदावर हिशेब मांडला. राधानगरीची क्षमता ८.३६ टीएमसी, म्हणजे ८३६ कोटी घनफूट. दोन लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख घनफूट; तेवढं सोडायचं म्हटलं, तर काठोकाठ भरलेलं धरण बारा तासांच्या आत कोरडं पडेल. मुळात तेवढं पाणी जायला वाट कुठाय? एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक जातं. सातही उघडले तर दहा हजारांच्या आत, वीजगृहाचे पंधराशे धरले तरी साडेअकरा हजार. क्लिपमधला माणूस खरंच खात्यातला असता तर 'दोन लाख' म्हणताना अडखळला असता.

आणि 'रात्री दोनला उघडणार' हे तर त्याहून विचित्र. हे सात दरवाजे कुणी घड्याळ लावून उघडत नाही. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. कोल्हापूरच्या निम्म्या लोकांना हे माहीत आहे, पण भीती बसली की माहीत असलेलंही आठवत नाही.

शेवटी धरणावरच्या कर्मचाऱ्याचा फोन लागला. रेंज तुटत होती.

"साहेब, किती उघडेत?"

"तीन आणि सहा नंबर."

"विसर्ग?"

"चार हजार तीनशे छप्पन. ते दोन लाखाचं विचारायला फोन केलाय न्हवं? मघापासनं डोकं उठलंय."

हाच आकडा १०७७ या हेल्पलाइनवर जिल्हा नियंत्रण कक्षाकडूनही घेतला. तिथल्या नोंदीत तोच होता. ती नोंद धरणावरूनच येते, त्यामुळं याला स्वतंत्र दुजोरा म्हणणार नाही. पण लिहून घेताना माझी चूक नाही, एवढं तरी पक्कं झालं.

उरला व्हिडिओ. तो थांबवून मी सरळ दरवाजे मोजले. कडेचा अर्धवट दिसणारा सोडला तरी दहा भरले. राधानगरीला सात. मग त्यातली दोन चित्रं काढून ती आधी कुठं आलीत याचा इंटरनेटवर उलट शोध घेतला, तर तोच व्हिडिओ जुन्या तारखेला, दुसऱ्याच धरणाच्या नावानं सापडला. ते धरण नक्की कुठलं, याच्या मागं लागलो नाही. आमच्या बातमीपुरतं 'हे राधानगरी नाही' एवढं पुरेसं होतं.

डेस्कला ठळक अक्षरांत 'दोन लाख क्युसेकची अफवा' असा मथळा हवा होता. मी हट्टानं नको म्हटलं. घाईत वाचणारा 'दोन लाख क्युसेक' एवढंच वाचतो आणि पुढं ढकलतो. शेवटी मथळा गेला: 'राधानगरीचे दोन दरवाजे उघडे; विसर्ग ४३५६ क्युसेक'. खाली बंधाऱ्यावरची पातळी, प्रत्येक आकड्यापुढं वेळ, आणि व्हायरल क्लिप खोटी असल्याची एक ओळ. वेळ लिहिलेली नसेल तर पुराचा आकडा पहाटेपर्यंत शिळा होतो आणि मग तोच नवी अफवा बनून फिरतो. पोर्टलनं त्यांची बातमी गुपचूप काढून टाकली. खुलासा नाही की काही नाही. क्लिपमधला आवाज कुणाचा, ते आजतागायत कळलेलं नाही.

बातमी गेल्यावर चिखलीतल्या एका ओळखीच्या काकांना फोन केला. म्हटलं, "काका, क्लिप खोटी आहे, दोनच दरवाजे उघडेत." मागं म्हशी ओरडत होत्या, कुणीतरी टेम्पोचं फळकं आपटलं.

"कळलं, पोरानं दावली बातमी," काका म्हणाले. "बायकापोरास्नी थांबवलंय घरात. जनावरं तेवढी हलवतोय. एकोणचाळीसला आलं की आमी कुणाच्या बातमीची वाट बघत न्हाई."