ओमची भुवई आणि आजीच्या वाती

पाचवीतला ओम (नाव बदललंय) माझ्यासमोर येऊन बसला तेव्हा त्याची डावी भुवई निम्मी गेलेली होती. घरच्यांना आधी चाई वाटली. पण चाईचा चट्टा बहुतेकदा गुळगुळीत असतो. त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून पाहिलं तर इथे कमीजास्त लांबीचे तुटके केस होते. म्हणजे केस गळत नव्हते, पोरगा ते उपटत होता. म्हणून चिठ्ठी देऊन त्यांनी त्याला सांगलीत माझ्याकडे, समुपदेशनासाठी पाठवलं.

सोबत बाबा आणि आजी. बाबांचं एकच पालुपद, "मॅडम, दिवसातून शंभरदा ओरडतो, हात खाली घे म्हणून. मुद्दाम करतोय हा." आजींनी त्याच्या बोटांना कडुनिंबाचा रस लावून पाहिला होता. नखं खाणाऱ्याला तो निदान कडू तरी लागेल, भुवईला त्याचं काय!

ओम म्हणाला, "मला कळतच नाही. वहीवर केस पडलेले दिसले की कळतं."

तो खरंच सांगत होता. अशा सवयींसाठी मी जी पद्धत वापरते ती नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडली. हात नेमका कधी निघतो हे मुलाला स्वतःला उमगणं, ही तिची पहिली पायरी. मी ओमला स्कॉलरशिपच्या पुस्तकातले बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवायला दिले आणि बाबांना गप्प बसायला सांगितलं. (दुसरं काम जास्त अवघड गेलं.) थोड्या वेळाने तर्जनी भुवईवर फिरायला लागली, जाडसर केस शोधत.

"आहेस तसाच थांब. आता हात आला तसा परत ने. हळूहळू."

दोनचार वेळा तसं केल्यावर तो एकदम ओरडला, "कोपर! कोपर टेबलावर टेकलं की सुरू होतं!" इतके दिवस सगळे त्याला त्याची चूक दाखवत होते, आज त्यानेच ती हेरली होती, आणि गडी भलताच खूश झाला.

मग ठरलं: कोपर टेकलं की मूठ आवळून मांडीवर ठेवायची, मिनिटभर किंवा ओढ ओसरेपर्यंत. भरवर्गात कुणाला पत्ताही लागत नाही. टीव्हीसमोर काय करायचं, यावर आजी म्हणाल्या, "माझ्या वाती वळायला बसवते की त्याला."

"पोराला वाती वळायला लावणार?" बाबा.

"मी आजारी होते तेव्हा तुझ्या वडलांनी आख्खा श्रावण वळल्यात."

बाबा गप्प. त्यांना मी काम दिलं: ओरडणं बंद, मूठ मांडीवर दिसली की शाबासकी द्यायची.

शाळेतून आलेल्या चिठ्ठीत 'पायही सतत हलवतो' अशी तक्रार होती. पाय हलवला की लक्ष्मी जाते, असं आजींचंही म्हणणं. त्या पायाच्या वाटेला मी गेलेच नाही. त्याने ना इजा होते ना कुणाचं काही अडतं, आणि काही मुलांचं अभ्यासात लक्ष टिकतं ते अशा चाळ्यामुळेच. बाईंना तसं कळवलं.

भुवई भरायला काही महिने गेले. परीक्षेच्या आठवड्यात हात पुन्हा वर जायला लागला, तेव्हा ओम आपण होऊन सांगायला आला. उपायही त्यानेच काढला होता: पेपर सोडवताना डाव्या हाताने प्रश्नपत्रिका घट्ट धरून ठेवायची.