येणे बाकी : दीर्घ विज्ञानकथा मालिका पुन्हा पाहतानाच्या नोंदी

मागील नोंदीनंतर 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' आणि 'बॅबिलॉन ५' या दोन्ही मालिका पुन्हा पाहून पूर्ण झाल्या असून 'स्टार ट्रेक'मधीलच 'डीप स्पेस नाइन'चे सहावे पर्व सध्या सुरू आहे. त्याच कुळातील 'व्हॉयेजर' मात्र सलग न पाहता निवडक भागांतून पाहिली. ज्यांनी या मालिका अजून पाहिलेल्या नाहीत त्यांनी पुढे जपून वाचावे, कारण कथानकातील मोठ्या घटना झाकून ठेवल्या तर लेखनाविषयी नेमके असे काही सांगता येत नाही.

वही लिहिण्याची पद्धत तीच आहे. भाग संपला की त्याने प्रेक्षकाला कोणते वचन दिले किंवा एखाद्या पात्राला कोणती जखम केली, ते 'येणे' या रकान्यात लिहायचे, आणि आधीचे कोणते येणे या भागात चुकते झाले, ते 'जमा'मध्ये. याखेरीज काहीही टिपायचे नाही. अभिनय, दृश्यपरिणाम, संगीत यांचे मोल मी कमी मानत नाही, परंतु ही वही लेखनाची आहे आणि लेखनाचा कस मला याच दोन रकान्यांत सर्वांत स्पष्ट दिसतो. एकटा भाग चांगल्या कल्पनेवर उभा राहू शकतो; वर्षानुवर्षे चालणारी मालिका मात्र आपण काय घडवून आणले हे किती लक्षात ठेवते, यावर उभी राहते. विज्ञानकथेत हे काम अधिकच कठीण होते, कारण घडलेले न घडल्यासारखे करण्याची साधने लेखकाच्या हाताशीच असतात. कालप्रवास आहे, समांतर विश्वे आहेत, माणसाची हुबेहूब प्रतिकृती आहे. कौटुंबिक मालिकेत मेलेला माणूस परत आणायचा तर लेखकाला प्रेक्षकांसमोर अवघडल्यासारखे होते. येथे एक यंत्र पुरते. म्हणून या प्रकारातील चांगला लेखक मला सर्वप्रथम त्याने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांवरून ओळखू येतो.

'नेक्स्ट जनरेशन'पासून सुरुवात करतो. १९८७ ते १९९४ या काळात या मालिकेचे १७८ भाग प्रसारित झाले आणि ते एका राष्ट्रीय वाहिनीवर न दाखवता वेगवेगळ्या स्थानिक केंद्रांना विकले जात होते. त्यामुळे कोणताही भाग कोणत्याही क्रमाने पाहिला तरी समजला पाहिजे, अशी अपेक्षा असे. म्हणजे विसरणे हा त्या व्यवस्थेचाच भाग होता. पहिल्या दोन पर्वांची माझी पाने त्यामुळे जवळजवळ कोरी आहेत. 'द मेझर ऑफ अ मॅन'सारखा एखादाच भाग तेथे उठून दिसतो. तिसऱ्या पर्वात मायकेल पिलर यांनी लेखकांचे नेतृत्व हाती घेतले आणि बाहेरून आपणहून आलेल्या पटकथा वाचण्याची प्रथा पडली. रोनाल्ड मूर हे त्याच वाटेने आत आले. येथून वही भरू लागते.

यानाचा कप्तान पिकार्ड याला बोर्ग हे अर्धयांत्रिक शत्रू पकडून नेतात आणि त्याच्याच तोंडून त्याच्या माणसांना शरण येण्यास सांगतात, ही दोन भागांची कथा १९९० मध्ये आली. तिची कीर्ती सर्वांना ठाऊकच आहे. माझ्या दृष्टीने लेखनाची खरी कसोटी मात्र तिच्या पुढच्याच भागात, 'फॅमिली'मध्ये लागली. मूर यांच्या या पटकथेत संकट नाही, शत्रू नाही, यानाच्या नियंत्रणकक्षातील एकही प्रसंग नाही. डेटा हा यंत्रमानव अधिकारी ज्यात अजिबात दिसत नाही असा संपूर्ण मालिकेतील हा एकमेव भाग आहे. पिकार्ड फ्रान्समधील आपल्या घरी जातो, द्राक्षमळा सांभाळणाऱ्या थोरल्या भावाशी त्याचे जुने वैर उफाळून येते, आणि दोघे प्रौढ पुरुष चिखलात लोळत एकमेकांना मारू लागतात. मग दोघांना हसू फुटते. त्या हसण्याचे रडणे कधी झाले हे पिकार्डलाही कळत नाही, आणि मी त्यांना थांबवायला हवे होते, मी तेवढा बळकट नव्हतो, असे तो बोलून जातो. भाऊ त्याची समजूत घालत बसत नाही. हे आता तुला जन्मभर सोबत घेऊनच जगावे लागेल, एवढेच तो सांगतो.

या प्रसंगाचे बळ कशात आहे, याचा शोध घेताना मी त्या भागातील बाकीची दोन उपकथानके पुन्हा तपासली. यानावरील परग्रही अधिकारी वॉर्फ याने तिसऱ्या पर्वात आपल्या समाजासमोर अपमान पत्करला होता; येथे त्याचे मानलेले आईवडील त्याला भेटायला यानावर येतात. यानावरील तरुण वेस्लीच्या मृत वडिलांनी तो तान्हा असताना ध्वनिचित्रित करून ठेवलेला निरोप येथे त्याला पाहायला मिळतो. म्हणजे एकाच भागात तीन जुनी येणी एकदम जमा झाली आहेत आणि त्यासाठी एकही नवी घटना घडवावी लागलेली नाही. मालिका लांबल्याचा लाभ घ्यायचा तर तो असा. नव्या मालिकेच्या पहिल्या पर्वात हा भाग कोणालाच लिहिता आला नसता, कारण आठवावे असे तेव्हा काही घडलेलेच नसते.

याच मालिकेतील १९९२ चा 'द इनर लाइट' हा अनेकांचा आवडता भाग आहे आणि माझाही आहे. पंचवीस मिनिटांच्या बेशुद्धीत पिकार्ड एका नष्ट झालेल्या ग्रहावर संपूर्ण आयुष्य जगतो. लग्न, मुले, नातवंड, म्हातारपण, सारे अनुभवतो. परत आल्यावर त्याच्या हातात उरते ती केवळ एक बासरी. पुढच्या वर्षी 'लेसन्स'मध्ये ती बासरी पुन्हा दिसते आणि एका स्त्रीशी मन जुळताना तो तिला तिची कथा सांगतो. हे पाहून समाधान होते, परंतु एवढ्या मोठ्या आयुष्याची एवढीच परतफेड व्हावी, हे मला आजही कमी वाटते.

शास्त्रीय शब्दजालाबद्दल येथेच एक गोष्ट नोंदवतो. या मालिकेच्या पटकथांत लेखक अडचणीच्या जागी नुसते 'टेक' असे लिहीत आणि तेथे कोणता किरण किंवा कोणते क्षेत्र घालायचे ते तांत्रिक सल्लागार नंतर भरून देत, हे मूर यांनी स्वतः सांगितले आहे. या पद्धतीत मुळातच काही वाईट आहे असे मला वाटत नाही. मात्र पेच सुटण्याचा क्षणच जेव्हा त्या रिकाम्या जागेत असतो, तेव्हा पात्राने काहीच निवडलेले नसते, आणि त्या भागासमोर वहीत लिहायला काही सापडत नाही. ही कसोटी वापरून पाहा, फार उपयोगी आहे.

आता 'बॅबिलॉन ५'. या वेळच्या पाहण्यात सर्वाधिक पाने हिचीच भरली. जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनी पाच वर्षांची एकच कथा आखून घेतली आणि ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. तिसरे आणि चौथे पर्व तर संपूर्णपणे त्यांच्या एकट्याच्या हातचे आहे. या मालिकेची चर्चा नेहमी त्या आराखड्याभोवती फिरते. माझी वही थोडे वेगळे सांगते, आणि ते लाँडो व जी'कार या शत्रू ग्रहांच्या दोन राजदूतांच्या नोंदींमधून सांगते.

लाँडोच्या लोकांना, म्हणजे सेंटौरींना, आपला मृत्यू स्वप्नात आधी दिसतो. जानेवारी १९९४ मध्ये आलेल्या पहिल्याच नियमित भागात तो सांगतो की म्हातारपणी आपण आणि जी'कार एकमेकांचा गळा आवळून मरणार आहोत. त्या वेळी ऐकताना ही दोन शत्रूंची गोष्ट वाटते. दुसऱ्या पर्वात ते स्वप्न प्रत्यक्ष दिसते आणि त्यातील जी'कारचा एक डोळा गेलेला असतो. पुढे लाँडोच्या साम्राज्याने जी'कारचा ग्रह जिंकला, तेव्हा एक नियम लागू होतो : एका सेंटौरीचा खून केला तर पाचशे नार्न, म्हणजे जी'कारचे लोक, मारले जातील. कथेतील क्रौर्य दाखवण्यासाठी हा नियम एवढाच पुरे झाला असता, पण तिसऱ्या पर्वातील 'कन्व्हिक्शन्स' या भागात स्फोटानंतर हे दोघे एकाच लिफ्टमध्ये अडकतात. बाहेर आग आहे, मदत येण्याची खात्री नाही, आणि लाँडो म्हणतो, काहीतरी कर. जी'कार शांतपणे बसून राहतो. मी तुला मारले तर माझे पाचशे लोक मरतील, परंतु तू आपोआप मेलास आणि मी नुसते पाहत राहिलो तर कोणालाच शिक्षा होणार नाही, हा हिशेब तो हसत हसत समजावून सांगतो. नियम मांडला एका पर्वात, विनोद झाला पुढच्या पर्वात, आणि त्या हसण्याखाली एका पराभूत समाजाचा सगळा संताप साठलेला आहे. दोन पात्रे, एक बंद खोली आणि आधीचे सर्व लक्षात असलेला लेखक, एवढ्यावर तो प्रसंग चालतो.

नंतर १९९६ च्या 'वॉर विदाउट एंड'मध्ये ते मरण आपल्याला दिसते. लाँडो सम्राट झाला आहे आणि त्याच्या खांद्यावर बसलेला एक परजीवी त्याच्यावर सत्ता गाजवतो आहे. दारू पिऊन त्या जिवाला झोपवले तेवढीच काय ती त्याची स्वतःची वेळ, आणि त्या वेळेत तो आपल्या जुन्या मित्राला, म्हणजे जी'कारला, मला मारून टाक अशी विनंती करतो. परजीवी जागा होतो, लाँडोचे हात त्याच्या इच्छेविरुद्ध प्रतिकार करतात, आणि पहिल्या भागात सांगितलेले चित्र तंतोतंत पूर्ण होते. स्वप्नातील एकही तपशील बदललेला नाही. त्याचा अर्थ मात्र पूर्ण उलटा झाला आहे. द्वेष म्हणून ऐकलेली गोष्ट मैत्रीची निघाली. शिवाय हे दोघे मित्र कसे झाले हे त्या क्षणी आपल्याला माहीत नसते, म्हणून जमा होता होताच नवे येणे तयार होते, आणि जी'कारचा डोळा कसा जातो यासह ते सर्व चौथ्या पर्वापासून पुढे चुकते होत जाते. दीर्घ मालिकेच्या लेखनातील याहून सुंदर उदाहरण माझ्या वहीत नाही.

आराखडा मात्र अनेकदा मोडला. पहिल्या पर्वात नायकाची भूमिका करणारा मायकेल ओ'हेअर दुसऱ्या पर्वापासून राहिला नाही; प्रत्येक पात्रासाठी बाहेर पडण्याची एक वाट आधीच राखून ठेवलेली असल्यामुळे कथा सावरली, आणि पहिल्या पर्वातील 'बॅबिलॉन स्क्वेअर्ड'ने दिलेले वचन त्याला परत आणून पूर्णही केले गेले. पाचवे पर्व मिळेल की नाही या शंकेमुळे चौथ्यात घटना दाटीवाटीने कोंबल्या गेल्या, आणि ते मिळाल्यावर त्याचा पूर्वार्ध सैल पडला. तरीही लाँडो आणि जी'कार यांचे एकही येणे बुडाले नाही. यावरून मला वाटते की आराखडा ही सोय आहे. दिलेला शब्द लक्षात ठेवणे ही गरज आहे. १९६३ पासूनच्या 'डॉक्टर हू'ला असा कोणताच आराखडा नव्हता. १९६६ मध्ये नायकाचा चेहरा बदलण्याची युक्ती आली आणि ती टिकली, कारण नवा चेहरा जुन्याच्या आठवणी घेऊन येतो. २००५ च्या 'डालेक' या भागात डॉक्टरच्या जुन्या शत्रूंपैकी एकच डालेक साखळदंडात बांधलेला आहे, आणि त्याला पाहून डॉक्टरच्या चेहऱ्यावर उमटणारा द्वेष हाच त्या भागाचा विषय आहे. वारंवार हरवल्याने बोथट झालेल्या शत्रूची धार अशी परत आणता येते.

'व्हॉयेजर'बद्दल लिहिताना मला वाईट वाटते, कारण तिची मूळ कल्पना या सर्वांत बलवान होती. घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले गेलेले एकटे यान, त्यावर एकमेकांविरुद्ध लढलेले दोन गट, आणि नवे बनवता न येणारे अडतीस टॉर्पेडो, ही संख्या मालिकेतच सांगितलेली आहे. पुढे ते टॉर्पेडो अडतीसहून कितीतरी अधिक वेळा सुटतात आणि दोन गटांतील ताण लवकरच विरून जातो. १९९७ चा 'इयर ऑफ हेल' हा दोन भागांचा प्रयत्न दाखवून देतो की हे लेखकांना येत होते. यानाचा उपप्रमुख चाकोटे कप्तान जेनवेला वाढदिवसाला एक खिशातले घड्याळ देतो. तेवढ्या साधनसामग्रीत कोणाचे तरी जेवण किंवा बूट झाले असते, म्हणून ती ते नाकारते. यानावरील टंचाई किती खोल गेली आहे हे त्या एका नकारात समजते. शेवटी काळ मागे फिरवला जातो, कोणालाच काही आठवत नाही, आणि घड्याळासह सारा हिशेब पुसला जातो.

मूर यांनी 'व्हॉयेजर'मध्ये थोडाच काळ काम केले आणि नंतर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' नव्याने उभी केली. तिच्या '३३' या पहिल्या नियमित भागात राष्ट्राध्यक्षा रोझलिन एका फळ्यावर उरलेल्या माणसांची संख्या लिहून ठेवते, माणसे मरतात तशी ती घटते, आणि शेवटी एक मूल जन्मल्यावर ती आकडा पुसून एकने वाढवते. टॉर्पेडोंच्या संख्येचे जे झाले नाही ते येथे मुद्दाम केले आहे. त्याच मालिकेच्या शीर्षकफलकाने सायलॉनांकडे, म्हणजे माणसांच्या यंत्रमानव शत्रूंकडे, एक योजना असल्याचे वारंवार सांगितले, आणि ते येणे माझ्या वहीत शेवटपर्यंत बाकी राहिले, हेही लिहिले पाहिजे.

'डीप स्पेस नाइन'चे पान अजून उघडे आहे. १९९३ मध्ये एका हलक्याफुलक्या व्यापारी कथेत डोमिनियन या परक्या सत्तेचे नाव ओझरते कानावर पडते आणि १९९७ मध्ये त्याच नावाशी महायुद्ध पेटते. कालच 'इन द पेल मूनलाइट' पुन्हा पाहिला. युद्ध जिंकण्यासाठी मालिकेचा नायक सिस्को खोटा पुरावा तयार करवतो, खून पचवतो आणि शेवटी स्वतःची ती सगळी नोंद पुसून टाकायला सांगतो. हा भाग मी 'जमा'मध्ये लिहू की 'येणे'मध्ये, हे ठरवता येत नसल्याने दोन्हीकडे लिहिला आहे. तोवर तटस्थ असलेले रोम्युलन युद्धात उतरतात हे जमा, आणि सिस्कोच्या मनाचे पुढे काय झाले हे येणे. सातव्या पर्वात त्यावर नजर ठेवणार आहे. ज्यांना त्यासंबंधी एखादा प्रसंग आठवत असेल त्यांनी भागाचे नाव अवश्य कळवावे.

त्यानंतर 'फारस्केप' घेणार आहे. तेथे रकान्यांची मांडणी बदलावी लागेल असे दिसते. तिसऱ्या पर्वात नायक क्रायटनचे दोन क्रायटन होतात, दोघेही तितकेच खरे असतात, नायिका एरिन त्यांतील एकावर प्रेम करते आणि तोच मरतो. उरलेल्याला सर्व आठवते, फक्त ते प्रेम सोडून. त्या दोघांसाठी मी वहीत दोन स्वतंत्र पाने आखून ठेवली आहेत, आणि एरिनसाठी तिसरे.