आमची वाटचाल : 12 सायकली, एक तलाव आणि टायरमधली हवा

सुरुवातीला प्लॅन वगैरे काही नव्हता. तलावाच्या कडेकडेने जंगलातून जाणारी खडीची वाट होती, तिच्यावर गाड्यांना बंदी होती आणि माझ्याकडे नोकरी सोडताना मिळालेले थोडे पैसे होते, बस. बायको म्हणाली, एवढी मस्त वाट आहे आणि लोक येतात, पार्किंगमधूनच पाण्याचे फोटो काढतात नि परत जातात, ह्यांना सायकली भाड्याने दिल्या तर? मी म्हटलं देऊया की. एवढ्यावर आमचा धंदा सुरू झाला. मेहुणा हाताने बरा, म्हणजे पाना-पक्कड चालवणारा, म्हणून त्याला ओढला आणि झालो तिघं.

12 सायकली घेतल्या, सेकंडहँड. विकणारा म्हणाला खडीवर काहीही चालतं हो, हायब्रिड घ्या, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधली. घेतल्या. टायर 32 एमएमचे, जवळजवळ गुळगुळीत, आणि आम्हा तिघांनाही लहानपणापासून एकच माहीत, हवा टाइट असली की सायकल पळते. त्यामुळे रोज सकाळी मेहुणा पंप घेऊन बसायचा आणि टायर दगडासारखा होईपर्यंत, म्हणजे 75-80 पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायचा. अंगठ्याने दाबून बघायचा, हलत नाही ना, मग पाठव पुढे.

पहिल्याच रविवारी 7 जणांचा एक ग्रुप गेला आणि 2 तासांनी फोन आला की तिघं पंक्चर आहेत आणि बाकीच्यांचे हात मुंग्या येऊन बधिर झालेत. मी ट्यूबा घेऊन पळालो. पोचलो तेव्हा त्यातल्या एक काकू सायकल झाडाला टेकवून स्वतःची मनगटं चोळत बसल्या होत्या, मला म्हणाल्या, अहो ही सायकल आहे की चाळण? चाळण हलवावी तशी हलवते नुसती. मला तेव्हा राग आला होता, पण शंभर टक्के बरोबर बोलत होत्या त्या. टाइट टायर खडीवर बसतच नाही, प्रत्येक दगडावरून उडतो, तो दणका हँडलमधून सरळ मनगटात येतो आणि टोकदार दगड आला की टायर दबून त्याला अंगावर घेण्याऐवजी तो दगडच आत शिरतो.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. हवा एकदम कमी केली, 32 एमएमच्या टायरमध्ये 35 पीएसआय वगैरे. दोन दिवस सगळे खूष, तिसऱ्या दिवशी परत पंक्चरचा पाऊस, पण ह्यावेळी वेगळाच प्रकार. मेहुण्याने ट्यूब पाण्यात धरली तर एका जागी शेजारी-शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, आणि ह्या पंक्चरला म्हणतात पण स्नेकबाइटच. हवा कमी, टायर अरुंद, दगडावर चाक आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि रिमच्या दोन्ही कडा तिला कापतात. म्हणजे हवा जास्त असली तरी पंक्चर आणि कमी असली तरी पंक्चर. तो सीझन आम्ही कमावलं त्यातलं निम्मं ट्यूब, पॅच आणि सोल्यूशनमध्ये घातलं असेल.

दोष टायरच्या आकाराचा होता हे कळायला आम्हाला अख्खं वर्ष लागलं, लाज वाटते सांगायला. दुसऱ्या वर्षी 6 खऱ्या ग्रॅव्हल सायकली, म्हणजे खडीसाठीच बनवलेल्या, घेतल्या, 700सी मापाची चाकं, 45 एमएमचे टायर, ट्यूबलेस. आत ट्यूबच नाही तर चिमटणार काय! वर टायरमध्ये साधारण 60 मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं दुधासारखं द्रव, बारीक भोक पडलं तर ते दूध फसफसत बाहेर येतं आणि तिथेच गोठतं, बसणाऱ्याला बऱ्याचदा पत्तापण लागत नाही. (ते सीलंट काही महिन्यांत आतल्या आत वाळतं हे मात्र आम्हाला परत अनुभवानेच कळलं, आता दर 3 महिन्यांनी टॉप-अप, भिंतीवर तारखा लिहून ठेवल्यात.) हवा किती, तर बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. 70 किलोच्या माणसाला आम्ही साधारण 30-32 भरतो, मागच्या चाकात दोन पॉइंट जास्त कारण भार मागे जास्त असतो, आणि टायरच्या बाजूला छापलेल्या लिमिटच्या बाहेर जात नाही.

आता गंमत अशी की गिऱ्हाईक आलं की पहिलं टायर दाबतं आणि म्हणतं, अहो हवा कमी आहे. रोज. अगदी रोज. मी एकदा मोजलं होतं, एका दिवसात 11 जण. मी म्हणतो 2 किलोमीटर जाऊन या, नाही आवडलं तर भरून देतो. भरायला अजूनपर्यंत दोघंच परत आलेत. डनलॉपची गोष्ट मी ह्या लोकांना हमखास सांगतो, त्याने 1888 मध्ये हवेचा टायर केला तो रेस जिंकायला नाही, त्याच्या पोराची तीनचाकी खडबडीत जमिनीवर फार हादरायची म्हणून. हवा मुळात आलीच हादरे खायला, आणि आपण ती दाबून-दाबून परत दगड करतो.

टायरचं जमलं तेव्हा कुठे आमचं लक्ष वाटेकडे गेलं. आमची फेरी पूर्ण केली तर 38 किलोमीटर होते आणि खडी सगळीकडे सारखी नाहीये. जिथे क्रशरची फोडलेली, धारदार कडांची खडी आणि तिच्यात कच मिसळलेली आहे तिथे दगड एकमेकांत अडकून बसलेत, पाऊस पडून गेला की उलट अजून घट्ट होतात. पण मध्ये एका दुरुस्तीत 3 किलोमीटरच्या पट्ट्यात कुणीतरी गोल गोटे आणून ओतले, दिसायला एकदम सुंदर, आणि त्यावर चाक घातलं की गोट्या पसरलेल्या फरशीवर चालल्यासारखं. गोल दगड कधी बसतच नाही, तो घरंगळतो. रस्ते बांधणाऱ्या मॅकॅडमने 200 वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की फोडलेला, कोनेदार आणि लहान दगड घ्या, 6 औंसापेक्षा जड नको, रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवा आणि पाणी काढून द्या. आम्ही तीन अर्ज केले, पाणी काढायच्या चरा मिळाल्या, गोटे आहेत तिथेच आहेत. त्या पट्ट्याआधी आम्ही स्वतःच पाटी लावली, खालचा गिअर, हात सैल, ब्रेक नको.

अजून एक गैरसमज म्हणजे पाणी सपाट म्हणून वाटही सपाट. मलापण तसंच वाटलं होतं! तलावाला जिथे-जिथे ओढा येऊन मिळतो तिथे वाट आत वळते, खाली उतरते, छोटा पूल, आणि परत चढ. एक चढ मोठा नाही पण असे 19 आहेत. सरळसोट भाग एकच, धरणाच्या भिंतीवरचा, आणि तिथे वारा असा समोरून येतो की उतारावरसुद्धा पेडल मारावं असं वाटतं. म्हणून आम्ही सगळ्यांना भिंत आधी घ्यायला सांगतो, पायात दम असताना. आधी उलट पाठवायचो, शेवटी थकलेली माणसं त्या वाऱ्यात अडकायची आणि राग आमच्यावर.

अपघात एकच मोठा म्हणावा असा झाला, आणि चूक माझी होती. एक विशीतला मुलगा, चांगला फिट, उतारावरच्या वळणात पुढचा ब्रेक कचकन दाबला, चाक सरकलं, कॉलरबोन गेलं. मी त्याला गिअर दाखवले होते, लॉक दाखवलं होतं, पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे हे दाखवलं नव्हतं. तेव्हापासून 5 मिनिटं पार्किंगमध्ये चालवून दाखवल्याशिवाय कुणाला सोडत नाही, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही, आणि नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता पुढे 8-10 मीटरवर. लोक कंटाळतात, चालेल मला.

ट्रॅफिक-फ्री ह्या शब्दाबद्दल पण सांगतो कारण त्यावरून आम्ही शिव्या खाल्ल्यात. गाड्या नाहीत म्हणजे कुणीच नाही असं नाही, चालणारे असतात, कुत्री असतात, कधी घोडा, आणि उत्तरेच्या बाजूला लाकडं नेणारे ट्रक 2 किलोमीटर आपली वाट वापरतात. त्यांच्याच चाकांनी तिथे पत्र्यासारख्या लाटा पडल्यात. आम्ही आधी बोर्डवर "एकही गाडी नाही" असं लिहायचो, आता "ट्रक दिसला तर उतरून बाजूला उभे राहा" असं लिहितो.

तरी येतात लोक, आणि कोण येतात ते बघून आम्हीच चकित झालो. आम्हाला वाटलं होतं तरुण स्पोर्टी पोरं येतील. ती आलीच, 2019 मध्ये सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानोने ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स हा गिअर-ब्रेकचा सेट काढला आणि 2022 मध्ये इटलीत पहिली ग्रॅव्हल वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तसा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला, पण ही मंडळी स्वतःच्या सायकली घेऊन येतात, आमच्याकडून घेतात फक्त चेन आणि सीलंट. (चेन हा वेगळाच विषय, खडीची धूळ तेलात मिसळली की सँडपेपर होतो, गेज लावून बघितलं तर आमच्या चेन रस्त्यावरच्यापेक्षा किती लवकर ताणतात ते कळतं, मेहुण्याचा निम्मा दिवस त्यातच जातो.) भाड्याने घेणारी मात्र चाळिशी-पन्नाशीतली माणसं, शाळा सुटल्यापासून सायकलला हात न लावलेली. मागून हॉर्न वाजणार नाही एवढी एकच खात्री त्यांना हवी असते. एक गृहस्थ 10 मिनिटं सीटवर एक पाय टाकून नुसते उभे होते, त्यांची बायको म्हणाली निघा हो, ते म्हणाले थांब, आठवतोय.

आता 31 सायकली आहेत, त्यात 4 बॅटरीच्या, 2 मुलांच्या ट्रेलर आणि ह्या वर्षी हाताने चालवायची एक हँडसायकल घेतली, पाय न चालणाऱ्यांसाठी. तिचं पहिलं बुकिंग झालं आणि आम्ही पश्चिमेच्या फाटकापाशी अडकलो, मोटरसायकली घुसू नयेत म्हणून लावलेलं ते फाटक हँडसायकलपेक्षा 7 सेंटीमीटरने अरुंद आहे. टेप लावून दोनदा मोजलं. फाटक रुंद करायचा अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही, तोपर्यंत ती उचलून पलीकडे न्यावी लागते, त्याला चार माणसं लागतात आणि आम्ही आहोत तिघं, त्यामुळे फाटकापाशी जो कुणी दिसेल त्याला हाक मारतो.