तुम्ही विचारलंत म्हणून: सयामांचं एकही रेकॉर्डिंग का नाही

“सहा वर्षं म्यानमारमध्ये, यांगूनला गाणं शिकलात आणि गुरूंचं एकही रेकॉर्डिंग नाही?” गाण्यातली माणसं हे विचारतात तेव्हा त्यात हळहळ कमी, संशय जास्त असतो. रेकॉर्डिंग होती. एकेचाळीस होती. मी पुसली.

ब्रह्मदेशच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, थिबा राजाला १८८५ मध्ये मंडालेहून काढलं आणि पुढे रत्नागिरीत ठेवलं, हे आपल्याला पाठ आहे. त्याच्या दरबारातलं गाणं कुठे गेलं, हे कोणी विचारत नाही. ते घराघरांत गेलं, तोंडी टिकलं. माझ्या सयामा, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, अशाच एका मंडालेच्या घरातल्या. रेडिओवर गायल्या. १९९३ मध्ये सरकारी गायन-वादन स्पर्धा सुरू झाल्या, त्यांत पदक मिळवलं. ते पदक कपाटाबाहेर कधी दिसलं नाही. स्पर्धेत ठरवून दिलेला पाठ गायचा. त्यांच्या आजीच्या जागा, म्हणजे सुरांची तिची खास वळणं, त्यात नव्हत्या. त्या जागा सयामा घरीच घेत. त्यांचा भाऊ सौंगवर, ती होडीसारखी कमानदार वीणा. सयामांच्या हातांत सी आणि वा, चिमुकली झांज आणि लाकडी टाळी. ताल स्वतःच धरायचा आणि गळा मात्र त्यापासून जरा सुटा ठेवायचा. समेवर धावत येण्याची माझी खोड मोडायला त्यांना दोन वर्षं लागली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. रोज रात्री आठला घराघरांतून पातेली बडवली जात. अरिष्ट हाकलायची तिकडची जुनी रीत. एका रात्री सयामा बॉले गात होत्या. युवराज कनौंगच्या पत्नीने, लाइंग राजकन्येने, ज्या प्रकारात आपलं दुःख मांडलं, तो हा विलापाचा प्रकार. आठ वाजले. भावाने सौंग खाली ठेवली, कढई उचलली आणि तो गॅलरीत गेला. सयामा थांबल्या नाहीत. बाहेर सगळी गल्ली बडवत होती आणि आत सी, वा आणि त्यांचा गळा. आजीची जागा आली तेव्हा त्यांनी ती दोनदा घेतली. एरवी कधी घेत नसत. माझा फोन चालू होता.

मी निघणार होते त्याच्या आदल्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, “तुझ्या फोनमध्ये आमचा आवाज आहे.” रस्त्यांवर सैनिक फोन तपासत होते. मी त्या बोलण्याचा अर्थ “पूस” असा घेतला. रात्री बसून एकेक फाइल पुसली.

पातेल्यांचा आवाज असलेली ती एक पुसणं मी आजही चूक मानत नाही. त्यांच्या भावाच्या जिवाचा प्रश्न होता. पण उरलेल्या चाळीस? त्यांत काय होतं? मी घाबरले होते, दुसरं कारण नाही. आणि त्या “सांभाळून ने” म्हणत असतील तर? आजही आम्ही फोनवर बोलतो. मी विचारलेलं नाही.

आता पुण्यात मी ती जागा गाते तेव्हा माझी जुनी मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची आपली सवय, तिच्यात शिरते. कुठवर त्यांचं आणि कुठून माझं, मला कळत नाही. परवा फोनवर गाऊन दाखवली. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पुन्हा गा.” मी पुन्हा गायले. अर्ध्यावर तिकडची वीज गेली आणि फोन तुटला.