20 किलो, एक काळी रेघ आणि माझा डावा खुबा

खुब्याच्या ऑपरेशननंतर पायावर किती भार टाकायचा हे शिकताना वजनकाट्यावर पाय ठेवून 'फक्त 20 किलो' दाबायचे, हे ऐकायला सोपं वाटतं. डावा पाय काट्यावर, उजवा शेजारी तेवढ्याच उंचीच्या फळीवर, हातात कुबड्या. जपून दाबलं तर काटा 8 वर. जरा धीर केला तर थेट 34. फिजिओथेरपीच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "परत." त्या आठवड्यात मी एवढंच शिकले.

माझा डावा खुबा उथळ होता. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत बसतो, ती वाटी त्याला पुरेशी झाकत नव्हती. हे झाकण एक्स-रेवर कोनात मोजतात. 25 अंशांच्या वर असेल तर ठीक, 20 च्या खाली म्हणजे डिस्प्लेशिया, म्हणजेच वाटी उथळ. माझा कोन 14 निघाला. तोवर कित्येक वर्षं मी कंबरेला मलम चोळत होते, कारण दुखणं कंबरेचं आहे असंच सगळे सांगत होते.

ऑपरेशन ठरलं ते पेरिअॅसिटॅब्युलर ऑस्टिओटॉमीचं. 1980च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये बर्नला राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. वाटीभोवतीचं हाड कापून मोकळं करायचं, वाटी फिरवून गोळ्यावर नीट आणायची आणि स्क्रूंनी पक्की करायची. कंबरेच्या हाडाचा मागचा खांब मात्र शाबूत ठेवतात, म्हणून प्लास्टर लागत नाही.

वाटी फिरली की मागे फट राहते. ती दरवेळी भरावी लागतेच असं नाही, पण माझी मोठी होती. ऑपरेशनच्या त्याच छेदातून कमरेच्या कडेचं थोडं हाड काढून तिथे बसवलं. हाच ग्राफ्ट. ग्राफ्ट म्हणजे सिमेंट, अशी माझी समजूत. सर्जन म्हणाले, "चिकटवायचं काम स्क्रू करतात. ग्राफ्ट म्हणजे वेलीसाठी घातलेला मांडव." त्यात आधी रक्तवाहिन्या शिरतात, मग काही पेशी जुनं हाड पोखरत जातात आणि त्यांच्या मागून दुसऱ्या पेशी नवं हाड रचत येतात. म्हणजे इथे वेल मांडवच खाऊन टाकते! याला महिने लागतात, आणि घाई करायला आपल्या हातात फारसं काही नसतं. तंबाखू किंवा सिगारेट आहे का, हे मला तीनदा विचारलं, कारण त्याने हाड जुळायला उशीर होतो. ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. आपल्या मनाने वेदनाशामक घ्यायचं नाही, अशी ताकीदही मिळाली.

एक तक्रार आहेच. खुब्यापेक्षा जिथून हाड काढलं ती जागा जास्त दुखेल, हे मला आधी कुणी सांगितलं नाही. पहिले दहा दिवस कूस बदलताना तिथेच कळ यायची. ऑपरेशनआधी ग्राफ्ट कुठून घेणार हे विचारून ठेवा.

सहाव्या आठवड्याला एक्स-रे झाला. ग्राफ्टच्या जागी धूसर ढगासारखं काहीतरी दिसत होतं, ते चांगलं लक्षण. पण पुढे, जांघेजवळच्या बारीक हाडात, जिथे कापलं होतं तिथली काळी रेघ तश्शीच! ज्या फटीची मी रात्रंदिवस काळजी केली ती भरत होती, आणि जिच्याकडे माझं लक्षच नव्हतं ती उघडी. घरी येऊन मी रडले. खरं तर तिथलं हाड बऱ्याचदा सगळ्यात शेवटी जुळतं, आणि एक्स-रेवर दिसण्याइतकं नवं हाड घट्ट व्हायला वेळ लागतो. सर्जननी हे समजावलं होतं, पण त्या दिवशी कानात शिरलं नाही.

भार मात्र वाढवायला सांगितला. आधी निम्मा, मग पूर्ण. दोन कुबड्यांवरून एकीवर. एक कुबडी धरायची ती दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या बाजूच्या हातात. हे मला आरशासमोर पाठ करावं लागलं. लंगडणं सगळ्यात उशिरा गेलं, कारण कुल्ह्याचे स्नायू आळसावले होते.

सहाव्या महिन्याच्या एक्स-रेवर ती रेघ मला सापडेना. सर्जननी पेनाच्या टोकाने जागा दाखवली, तेव्हा कुठे पुसट खूण दिसली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे. तिथली त्वचेची नस ऑपरेशनात ताणली जाते. डास बसला तर मला तो उडाल्यावर कळतं.