सातशे नंबरचा टायर

न्यू जर्सीतल्या टायरच्या दुकानात उन्हाळा म्हणजे लांबच्या सहलींची गर्दी. त्या शुक्रवारी एक ताई मिनीव्हॅन घेऊन आल्या. माझ्या शर्टावरचं नाव वाचून त्या सरळ मराठीतच बोलू लागल्या. सासू-सासरे पुण्याहून आलेत, उद्या पहाटे सगळे नायगाराला निघणार, आणि ताशी ६० मैलांच्या पुढे गाडी थरथरते. "बॅलन्सिंग तेवढं करून द्या."

गाडी लिफ्टवर उचलली आणि चाकं हाताने फिरवली. मागचं डावं चाक एका ठिकाणी आलं की टायर वर उचलल्यासारखा दिसत होता. तळवा फिरवला तर नक्षीखाली फुगा लागला. आतले पोलादी पट्टे रबरापासून सुटू लागले की असा फुगा येतो, आणि हायवेच्या वेगात, उन्हाच्या तापात अख्खी नक्षी सालीसारखी सोलून निघू शकते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा बरोबर होती. पंक्चर काढल्याची खूण नव्हती, कुठे आपटल्याचा ओरखडाही नव्हता.

"पण नक्षी केवढी शिल्लक आहे! आणि घेताना सांगितलं होतं, ७०० नंबरचा आहे, सगळ्यात भारी."

हा आकडा फार लोकांना फसवतो, आणि दुकानं विकताना तेवढाच पुढे करतात याचा मला राग येतो. टायरच्या बाजूवर छापलेला झिजेचा अंक, ट्रेडवेअर, ७०० म्हणजे सरकारी चाचणीत १०० अंकाच्या टायरच्या सातपट झीज सोसेल, एवढंच. ही चाचणी टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळच्या ४०० मैलांच्या फेरीवर होते, आणि अंक कंपनी स्वतःच देते. शेजारचं ट्रॅक्शनचं अक्षर, एए पासून सी पर्यंत, ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लागण्यापुरतं असतं. वळणावरची पकड त्यात धरत नाहीत. तिसरं टेंपरेचर, ए, बी किंवा सी. उष्णता किती सोसेल ते यावरून कळतं, तेही हवा बरोबर आणि वजन मर्यादेत असेल तर. ताईंच्या टायरवर बी होतं. पण हाच एक टायर कारखान्यातून निर्दोष बाहेर पडला का, हे तिन्हीपैकी एकही सांगत नाही.

डीओटीचा पूर्ण क्रमांक, म्हणजे टायर कुठे, कधी बनला ते सांगणारी खूण, चाकाच्या आतल्या बाजूला गेला होता. टॉर्च घेऊन खाली शिरून वाचला. शेवटचे चार अंक २२२३, म्हणजे २०२३ चा बाविसावा आठवडा. गाडीच्या व्हीआयएनवरून, म्हणजे ओळख क्रमांकावरून, रिकॉल (सदोष माल कंपनीने परत मागवल्याची नोंद) शोधला तर दुकानातून नंतर घेतलेले टायर त्यात येत नाहीत, म्हणून टायरचा वेगळा शोध घेतला. काही निघालं नाही.

"मग बदलून टाका, संपलं," ताई म्हणाल्या.

मी त्यांना बसवून एनएचटीएसएचा, म्हणजे वाहनांची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी खात्याचा, तक्रारीचा फॉर्म उघडून दिला. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले, त्याआधी हायवेवर नक्षी सुटून गाड्या उलटत होत्या, माणसं मरत होती. त्यानंतर आलेल्या 'ट्रेड' (TREAD) नावाच्या वाहन सुरक्षेच्या कायद्यामुळेच कंपन्यांना अशा बिघाडांची माहिती आधीच सरकारला कळवावी लागते, आणि हवा कमी झाल्याचा पिवळा दिवाही त्याच कायद्याची देणगी. पण दुकानातून गुपचूप बदललेल्या टायरची नोंद कुठे होणार?

व्हीआयएन, डीओटी क्रमांक, वेग, मैल, फुग्याचे फोटो, सगळं भरलं. ज्यांना संगणक जमत नाही त्यांच्यासाठी १-८८८-३२७-४२३६ हा फोनही आहे.

"आता ते फोन करतील का?"

"करतीलच असं नाही, ताई. एकेका गाडीचा वाद ते सोडवत नाहीत. सारख्या तक्रारी जमल्या की चौकशी उघडतात."

मालकांना विचारून तो टायर मी भंगारात जाऊ दिला नाही. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख चिकटवून मागच्या खोलीत ठेवला. तपासणाऱ्याला टायरच हाती लागला नाही तर नुसत्या फोटोवरून तो काय सांगणार? बाकीचे तिन्हीही त्याच आठवड्याचे निघाले. ताईंनी चारही बदलून घेतले.