गाणे पाठवा, पण नावासकट

गणपती महिनाभरावर आले की आमच्या वेंगुर्ल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये जुनी भजने फिरू लागतात. सोबत ‘दुर्मिळ ठेवा, शेवटपर्यंत ऐका’ एवढाच मजकूर असतो. बुवा कोण, पखवाजावर कोण, बारी (दोन बुवांमधला भजनाचा सामना) कोणत्या गावात आणि कोणत्या साली झाली, यांपैकी काहीही कळत नाही. भजन बहुधा खरोखरच चांगले असते, आणि म्हणूनच ही उणीव अधिक खटकते. ऐकणारा दाद देतो, पुढे पाठवतो आणि ज्याने रात्र जागवून ते गायिले त्याचे नाव आणखी शंभर फोनांमधून नाहीसे होते.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी असे नव्हते. १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कोलकात्याला आले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गौहर जान यांच्या त्या काळच्या तबकड्यांच्या शेवटी त्या स्वतःच ‘माय नेम इज गौहर जान’ असे ठसक्यात सांगतात. मूळ मुद्रणे तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हानोवरला जात असत आणि तिथल्या कारागिरांना आपली भाषा ठाऊक नसल्यामुळे नावाची ही घोषणा ओळख पटवण्याच्या कामी येई, असे तिचे कारण दिले जाते. नाव तबकडीच्या मधल्या कागदावरही असे, त्यानंतर ते कॅसेटच्या वेष्टनावर आले. आता फोनवर येणाऱ्या फाइलीला ‘एयूडी’ आणि पुढे तारखेचे आकडे एवढेच नाव असते. साधने सुधारत गेली आणि गाणाऱ्याची नोंद मात्र मागे पडत गेली, हे मला पटत नाही. म्हणून हाती येणारे प्रत्येक जुने मुद्रण मी नोंदीशिवाय कोणालाही देत नाही.

कोकणात अशी मुद्रणे सापडण्याच्या जागा साधारण ठरलेल्या आहेत. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत नोकरी करणाऱ्या कोणा चाकरमान्याने चावीचा ग्रामोफोन गावी आणलेला असतो. तो पोटमाळ्यावर नारळाच्या सोडणांच्या आड पडून असतो आणि तबकड्या लोखंडी ट्रंकेत असतात. कॅसेटी बहुधा देवघराशेजारच्या फडताळात मिळतात, कारण त्यांत भजने असल्याने त्या टाकून देण्याचे धाडस कोणी केलेले नसते. मृगापासून दसऱ्यापर्यंतची ओल या सर्वांची शत्रू आहे. तबकडीच्या कागदी पाकिटावर बुरशी धरते आणि तिथून ती खाचांमध्ये उतरते. अशी तबकडी हाती आली की घरातला उत्साही माणूस स्पिरिटचा बोळा घेऊन पुढे येतो. त्याला तिथेच थांबवावे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. गाळलेले पाणी, अगदी थोडा सौम्य साबण आणि मऊ कापड पुरेसे आहे, मात्र मधला कागद भिजू देऊ नये. तो कागद झुरळांनी खाल्लेला असला तरी निराश होण्याचे कारण नाही. बऱ्याच तबकड्यांवर खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्ट्यात एक क्रमांक उमटवलेला असतो, आणि विजेरीचा प्रकाश तिरपा टाकला की तो वाचता येतो. नाव हरवलेल्या तबकडीचा शोध या क्रमांकापासूनच सुरू होतो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संग्राहकांच्या संस्थेने आपल्या नियतकालिकातून जुन्या तबकड्यांची माहिती छापून अशा शोधाचा मार्ग बराच सोपा केला आहे.

तबकडी स्वच्छ झाली म्हणजे ती लगेच समजली असे नाही. पहिला प्रश्न वेगाचा असतो. आपण सरसकट अठ्ठ्याहत्तर म्हणतो, परंतु पहिल्या दोन-तीन दशकांत कंपन्या तो आकडा काटेकोरपणे पाळत नव्हत्या. सत्तरीच्या पहिल्या अर्ध्यापासून ऐंशीच्या थोडे वरपर्यंत कोणताही वेग असू शके. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की संपूर्ण गाणे अर्ध्या स्वराने वर किंवा खाली सरकते. पेटीच्या काळी एक पट्टीत गायिलेले गाणे त्यामुळे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, आवाज कोवळा वाटू लागतो आणि तान प्रत्यक्षात होती त्याहून चपळ भासते. ‘जुन्या बायकांचे आवाज फार किनरे होते’ असे जे सर्रास बोलले जाते, त्यातला बराचसा भाग चुकीच्या वेगाचा आणि भोंग्यासमोर मोठ्याने गाण्याच्या सक्तीचा आहे, असे माझे मत आहे. १९२५पासून मायक्रोफोनच्या साहाय्याने विद्युत मुद्रण होऊ लागले, तोवर गाणाऱ्याला भोंग्यात तोंड घालून गावे लागे.

साथीला पेटी असेल तर योग्य वेगाचा अंदाज घेता येतो. मी माझी पेटी जवळ घेऊन षड्ज शोधतो. तो दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लटकत असेल तर वेग संशयास्पद समजावा. सगळ्या पेट्यांची जुळणी एकसारखी नसे, त्यामुळे हा कौल अंतिम नव्हे. मग कान बोलण्याकडे लावावा लागतो. शब्दांतली व्यंजने, विशेषतः ‘स’ आणि ‘च’, माणसाच्या तोंडून आल्यासारखी वाटू लागली की वेग जवळपास बरोबर आला आहे असे मानायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न अवधीचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या कलावंताला एवढ्या वेळात बंदिश, आलाप आणि तान हे सारे उरकावे लागे. अनेकांना हा अन्याय वाटतो. मला त्यात कलावंताची निवड दिसते, कारण वेळ नसताना त्याने जे ठेवले तेच त्याला सर्वांत मोलाचे वाटत असणार. म्हणून मी एका बैठकीत एकच बाजू ऐकतो, पण पुन्हा पुन्हा. एकदा केवळ ठेका ऐकायचा आणि सम बोटांवर धरायची. नंतर गाणारा श्वास कुठे घेतो तेवढेच पाहायचे. श्वासाच्या जागा कळल्या की तान कुठून उचलली आणि का तोडली हे आपोआप उलगडते.

केसरबाई केरकरांची भैरवी अशी ऐकण्यासारखी आहे. फोंडा तालुक्यातील केरी गावात १८९२मध्ये जन्मलेल्या केसरबाईंनी अल्लादियाखाँसाहेबांकडे तालीम घेतली. खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज मुद्रित झालेला नाही, त्यामुळे ती गायकी कशी होती हे कळण्याचा आपला मार्ग शिष्यांच्या तबकड्यांमधूनच जातो. केसरबाईंची ती साडेतीन मिनिटे १९७७मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत समाविष्ट झाली. नंतरची कथा अनेकांना ठाऊक आहे. आधीची मला जास्त आवडते. हे गाणे निवडावे असा आग्रह संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी धरला, पण तबकडी बाजारातून केव्हाच गेली होती. शेवटी यानावरच्या तबकडीच्या कामात असलेल्या ॲन ड्रुयन यांना न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. त्या कुटुंबाने ते खोके जपले नसते तर केरीचा आवाज पृथ्वीवरच राहिला असता. केसरबाईंचे निधन त्याच वर्षी १६ सप्टेंबरला झाले. दुसरे यान सुटून तेव्हा जेमतेम अकरा दिवस झाले होते.

आमच्याकडे तबकड्यांपेक्षा कॅसेटी कितीतरी जास्त आहेत. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्या, मोठ्या कंपनीच्या मर्जीवाचून कोणालाही मुद्रण करून विकता येऊ लागले आणि डबलबारी, शक्ती-तुरा, दशावतार या आमच्याकडच्या लोककलांना प्रथमच बाजार मिळाला. परळ-लालबागमध्ये झालेली बारी गणपतीच्या आधी एसटीने मालवण-कुडाळला पोचत असे. दुकानातल्या कॅसेटींखेरीज घरगुती कॅसेटीही असतात. कोणीतरी टेपरेकॉर्डर मांडवाच्या खांबाला टांगून रात्रभराची बारी भरलेली असते. बाजू संपली की ती उलटेपर्यंतचा गजर कायमचा गेलेला असतो. अशा कॅसेटीत समोरच्या बुवाला मारलेला टोमणा, प्रेक्षकांतली हास्याची लाट, मध्येच रडणारे मूल हे सारे मिळते. मला दुकानातल्या कॅसेटीपेक्षा या कॅसेटी अधिक मोलाच्या वाटतात.

त्या वाजवण्याआधी थोडी दुरुस्ती करावी लागते. फितीला यंत्राच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा लहानसा तुकडा ओलीने गळून पडलेला असतो. कोऱ्या कॅसेटीतला काढून तिथे बसवता येतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची फीत साठीच्या कॅसेटीपेक्षा पातळ असते, म्हणून ती गुंतण्याची धास्ती अधिक. सर्वांत महत्त्वाचे काम मात्र हेडशेजारच्या छोट्या स्क्रूचे आहे. मूळ टेपरेकॉर्डरचे हेड किंचित तिरके असेल तर आपल्या यंत्रावर सगळा आवाज गोधडीखालून आल्यासारखा लागतो. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने तो स्क्रू केसभर फिरवत टाळांकडे कान द्यावा. टाळांचा किणकिणाट एकाएकी उजळून आला की तिथेच हात थांबवायचा. पुढल्या क्षणी झीलकऱ्यांतले, म्हणजे बुवांमागे साथीने गाणाऱ्यांतले, वेगवेगळे आवाज सुटे होऊ लागतात.

अशी एक बेनामी फीत साफ केल्यावर मी ती आमच्या भागातल्या एका वृद्ध पखवाजवाल्यांना नेऊन ऐकवली. सुरुवातीची रूपावली झाली, अभंग सुरू झाला, तरी ते गप्प होते. बुवांचा आवाज त्यांनी ओळखला नाही. गजरात लय चढली तसे त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “ह्यो हात आमच्या काकांचो. थाप आयकली की कळता.” पखवाजावरून मंडळ कळले, मंडळावरून बुवांचे नाव आणि बारीचे गाव कळले. ही ओळख कोणत्याही यंत्राला जमली नसती, आणि अशी ओळखणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

म्हणून फाइल तयार करताना मी नावाला आवाजाइतकाच वेळ देतो. बुवा, पखवाज, पेटी, गाव, साल, कॅसेट कोणाच्या घरातली, वेगात किंवा आवाजात मी काय बदल केला, हे सारे त्याच फाइलीच्या तपशिलात भरतो आणि प्रारंभी स्वतःच्या आवाजात दोन वाक्ये बोलून ठेवतो, कारण मजकूर गळून पडतो पण आवाजाला चिकटलेला आवाज सहसा वेगळा होत नाही. खात्री नसेल तिथे ‘अंदाजे’ असे स्पष्ट म्हणतो. मूळ प्रत फ्लॅक स्वरूपात ठेवतो. तिच्यात आवाजाचा काहीही भाग गाळला जात नाही. व्हॉट्सॲपवर द्यायची झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतो, म्हणजे फाइल आहे तशी पोचते.

हक्कांचेही भान ठेवावे लागते. १९५७च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे चालतो, त्यामुळे जुन्या तबकड्यांपैकी पुष्कळ त्यातून मोकळ्या झाल्या आहेत. शब्दांचा आणि चालीचा हिशेब वेगळा असून तो कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा आहे, ग. दि. माडगूळकर १९७७मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत राहील. घरगुती बारीच्या बाबतीत मी बुवांच्या घरी जाऊन विचारतो. आजवर नकार क्वचितच मिळाला, उलट बहुतेक ठिकाणी कॅसेटींची आणखी एखादी पिशवी हाती पडते.

सध्या माझ्याकडे शिरोड्याच्या बाजूची एक फीत आहे. बुवांचा आवाज भरदार आहे, पेटी काळी दोनमध्ये लागते, गौळणीनंतर समोरच्या बुवांना ‘आरवलीकर’ असे संबोधले आहे आणि मागे जनरेटरची घरघर सतत ऐकू येते. पहिल्या बाजूच्या शेवटी कोणीतरी बक्षिसाची घोषणा करत आहे, पण नाव उच्चारायच्या आतच फीत संपते. सत्तरी ओलांडलेले कोणी भजनी आपल्या घरात असतील, तर हे वर्णन त्यांना वाचून दाखवावे; ऐकवण्यासाठी फाइल मी लगेच पाठवीन.